भाकरी कुठं फुगवता?

दुकानात कुणीही विजेची शेगडी घेऊन आलं की पेचकस हातात घ्यायच्या आधी मी एकच प्रश्न विचारायचो. "भाकरी कुठं फुगवता?"

गिऱ्हाईक चक्रावायचं. शेगडी बंद पडलीय, घरी स्वयंपाक खोळंबलाय, आणि हा मिस्त्री भाकरीची चौकशी करतोय! एक मास्तर तर उखडलेच माझ्यावर. "तुम्हाला काय करायचंय हो आमच्या भाकरीशी?" म्हणाले. एका बागायतदारानं मिशीवर हात फिरवत सांगितलं, "फुगवायची कशाला? भाकरी ताटात येतीच फुगून." त्याला म्हटलं, घरी जा, जी फुगवती तिला विचारून या, मगच शेगडी उघडतो. गडी बडबडत गेला, पण विचारून आला. बायकोची म्हणे हसून हसून पुरेवाट झाली.

जळकोटला हमरस्त्याच्या कडेला माझं दुकान होतं. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी, सगळं करायचो, पण नाव झालं ते शेगड्यांमुळं. आता गुडघ्यांनी साथ सोडली, दुकान बंद केलं. घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसतो आणि बोलणी खातो. सुखात आहे. या अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणाले तेव्हा मला वाटलं, मिस्त्रीनं काय लिहावं? पण तो प्रश्न कुठून आला, आणि एकदा विचारायचा राहिला तेव्हा काय झालं, हे सांगायला पाहिजे.

ज्यांनी कॉइलची शेगडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चिनी मातीची गोल थाळी असते, तिला नागमोडी खाचा असतात, खाचांत वेटोळ्याची तार बसवलेली असते. वीज सोडली की तार लालबुंद होते, तिच्यावर पातेलं ठेवायचं. तार उघडी असते. लाल दिसते म्हणून माणूस तिला विस्तव समजतो. अहो, तो विस्तव नाही, ती उघडी वीज आहे! एवढं एक वाक्य मी जन्मभर सांगत आलो, आणि निम्म्या लोकांना ते काही पटलं नाही.

आता आपली भाकरी. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून थेट निखाऱ्यावर धरायची. तेव्हा ती टम्म फुगते. चुलीवरची ही सवय बाया तशीच शेगडीवर घेऊन आल्या. तवा खाली, ओलसर भाकरी उघड्या कॉइलवर, फिरवायला हातात लोखंडी चिमटा, आणि अनवाणी पाय सारवलेल्या ओल्या जमिनीवर. शेगडी बनवणाऱ्या कुठल्या कारखानदाराच्या स्वप्नात तरी आलं असेल का हे?

माझ्याही आलं नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं मी तामलवाडीत एका खोलीत काम करायचो. तिथं एक शेतकरी तुटलेल्या कॉइलची शेगडी घेऊन आला. मी नवी कॉइल बांधली, चालू करून दाखवली, पाठवून दिली. चौथ्या दिवशी तोच माणूस शेगडी घेऊन परत दारात. मला वाटलं, तार पुन्हा तुटली. त्यानं शेगडी टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, कॉइल जशीच्या तशी हाय बघा. बायकोचा हात तेवढा जळला."

त्याची बायको, सुमन, भाकरी फुगवत होती. चिमटा कॉइलला लागला आणि ती मागं भिंतीवर फेकली गेली. फेकली गेली म्हणून वाचली. चिकटली असती तर काय, हे मी अजूनही पुरतं मनात आणत नाही. दोन बोटं कायमची वाकडी झाली तिची. शिव्या दिल्या असत्या त्यानं तर बरं वाटलं असतं. तो तसाच बसून राहिला आणि मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, इतका शरमलो होतो. त्या दिवसापासून प्रश्न सुरू झाला.

तो विचारला की मग घरातलं सगळंच बाहेर यायचं. एकाकडं प्लगच नव्हता. वायरीची दोन टोकं सॉकेटात खुपसून काडीपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली. वर मला सांगतो, "दोन वरीस झाले, हललं न्हाय बघा." एकानं टीव्हीच्या बोर्डावर शेगडी लावली होती, तो बोर्ड वितळून खाली लोंबत होता. अहो, शेगडी म्हणजे वीज ढसाढसा पिणारं जनावर, तिला मोठ्या भोकांचा पंधरा अँपियरचा सॉकेट आणि जाड वायर पाहिजे. आणि प्लगाची तिसरी जाड पिन शोभेची नसते. शेगडीच्या अंगात वीज उतरली तर ती त्या पिनेतून जमिनीत जावी, तुमच्यातून जाऊ नये, यासाठी ती असते. तिलाच अर्थिंग म्हणतात. आपल्याकडं बोर्डाला तीन भोकं असतात आणि तिसऱ्याच्या मागं वायरच नसते. लग्नात नवरदेव यावा आणि नवरीचा पत्ता नसावा, तशातली गत.

पुढं इंडक्शनच्या शेगड्या आल्या, काचेच्या. जाळ नाही, तार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटेल असं भांडं ठेवलं तर भांडंच तापतं. बाया ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवून मला फोन करायच्या, "शेगडी नुसती शिट्ट्या मारती." एकानं नव्या घराच्या पूजेला त्याच शेगडीवर दूध उतू घालवलं. दूध पूर्वेला वाहिलं, तिथनं खालच्या जाळीतून आत शिरलं, आणि शेगडीनं राम म्हटला. मी उघडली तर आत साय. मी हळहळतोय, आणि मालक खूश! "पूर्वेलाच गेलं ना मिस्त्री? मग झालं तर." पुढं मी प्रत्येकाला बजावायचो, दूध उतू घालवायचं ते अंगणात गोवरीवर घाला, देवाला चालतं.

तर या काचेच्या शेगडीत उघडी वीज नाही, म्हणून माझा प्रश्न मी गुंडाळून ठेवला. विचारायचं कारणच उरलं नाही, असं मला वाटलं. इथंच मी चुकलो.

सास्तूरच्या गयाबाईंचं हे काम, माझं शेवटचं मोठं काम. गयाबाई पंचाहत्तरीच्या. एकट्या राहायच्या. भूकंपानंतर नवं गाव बसलं तेव्हा मिळालेलं घर, मागं मोरी, अंगणात दोन शेळ्या आणि एक लिंबाचं झाड. मुलगा दिलीप पुण्याला नोकरीला. चुलीपाशी गयाबाईंच्या पदरानं एकदा पेट घेतला, शेजारणीनं पाणी ओतलं म्हणून निभावलं. दिलीपनं गॅस आणून दिला, तर त्या बटण बंद करायला विसरल्या आणि घरभर वास. मग त्यानं इंडक्शनची शेगडी आणली आणि मला बोलावलं.

अंगणात उभा राहून तो मला म्हणाला, "मामा, तुम्ही लाइन नीट करून द्या, आईला शिकवा. दसऱ्याला मी येतो. जमलं असेल तर राहू दे तिला. नाही जमलं तर घेऊन जाणार. मला तिकडं झोप लागत नाही हो." पोरगं वाईट नव्हतं. त्याची काळजी खरी होती.

तो गेल्यावर गयाबाई म्हणाल्या, "मिस्त्री, पुण्यात त्येचं घर चौथ्या मजल्यावर हाय. म्या एकडाव जाऊन आले. दार लावलं की माणूस दिसत न्हाय. तिथं म्या काय करू? माझ्या शेळ्या कोन बघंल? तुमी मला ही शेगडी शिकवाच." आणि डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही फिकीर करू नका. दसऱ्याला दिलीपला तुमच्या हातचं जेवायला घालू."

काम मी मन लावून केलं. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, मोठा सॉकेट बसवला, वीज गळाली तर आपोआप पडणारा स्वीच लावला. अर्थिंगचा खड्डा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर घेतला, पत्रा पुरला, कोळसा-मीठ भरलं. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन कोरडी ठक्क होते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग मरतं. मोरीपाशी घेतलं की अंघोळीच्या पाण्यानं जिवंत राहतं. ही युक्ती माझी स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नाही.

बटणं त्यांना ओळखू येईनात. माझ्या बायकोनं, शकुंतलानं, टिकल्यांचं पाकीट दिलं होतं. चालूच्या बटणावर हिरवी टिकली लावली, बंदच्या बटणावर लाल. गयाबाई लाल टिकलीकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मालक गेल्यावर ह्या घरात टिकली आलीच नव्हती. आता शेगडीला आली. येऊ द्या." आणि हसल्या.

मग मला चेव आला. मी माझा खेळ दाखवला. काचेवर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर पाण्याचं पातेलं. पाणी उकळलं, कागद जळला नाही. गयाबाईंनी तोंडाला हात लावला. "आगं माय! जाळ न्हाय, धूर न्हाय, कागुद बी जळंना. लई नवल हाय!" मी आणखी फुगलो. पातेल्याच्या बाजूला काचेवर माझा तळहात टेकवला आणि म्हणालो, "बघा मावशी, हात ठेवला तरी काही होत नाही." काय गरज होती हो? पण कौतुक झालं की माणसाची जीभ सुटते.

गोल बुडाचा तवा चालेना म्हणून पुढच्या खेपेला आठवडी बाजारातून सपाट लोखंडी तवा नेऊन दिला. भात, आमटी, चहा, सगळं त्यांना जमलं होतं. मी निर्धास्त झालो.

दसऱ्याला तीन दिवस असताना सहज म्हणून चक्कर टाकली. गयाबाईंच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. "काय झालं मावशी?" "काय न्हाय. इळ्यानं कापलं." फडक्यातून कोरफडीचा गर दिसत होता. विळ्यानं कापल्यावर कोरफड कोण लावतं? मी समोरच बसकण मारली. शेवटी त्यांनीच फडकं सोडलं. तळहात भाजून फोड आलेले.

दसऱ्याची तालीम म्हणून त्यांनी आठ भाकऱ्या केल्या होत्या. शेवटची भाकरी तव्यावर नीट फुगंना, तर तवा उतरवला आणि भाकरी काचेवर टाकून तळहातानं दाबली. बोलल्या, "तुमीच हात ठिवला व्हता न्हवं का मिस्त्री? म्या म्हनलं, हिला हात लावलेला चालतो."

मी गार पडलो. पाऊण तास तापलेला लोखंडी तवा ज्या काचेवर बसलाय ती काच तव्याची धग घेऊन बसते. तिला ना लाल रंग येतो, ना धूर. गारच दिसते. हे मला माहीत होतं, आणि मी त्यांना उलटं शिकवून आलो होतो. जळकोटच्या दुकानात आलेल्या प्रत्येकाला विचारलेला प्रश्न नेमका या घरात विचारला नव्हता. डोळ्यांसमोर तामलवाडीची ती वाकडी बोटं आली. गयाबाईंना मी तेव्हाच सुमनची सगळी हकीकत, माझ्या त्या प्रश्नासकट, सांगितली आणि हात जोडून म्हणालो, "मावशी, चूक माझी आहे."

त्यांना माझ्या चुकीचं काहीच नव्हतं. "ते ऱ्हाऊ द्या. दिलीपला तेवढं सांगू नगा. त्यो मला घिऊन जाईल."

त्यांना गाडीवर बसवून आधी दवाखान्यात नेलं, मलमपट्टी करून आणली. घरी येऊन बायकोला सांगितलं. शकुंतला माझ्यावर अशी तापली की विचारू नका. "जन्मभर लोकांना भाकरी कुठं फुगवता विचारत फिरलात, कधी एक तरी स्वतः थापलीत का? त्या म्हातारीला शिकवायला निघाले!" मग तिनं मला ओट्यापाशी उभं केलं. घरातली जुनी इंडक्शन काढली, परातीत पीठ घेतलं. माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर जाताना दुमडली. तिसरी बघून म्हणाली, गाय खाईल, आणि गाईनं खाल्लीही. पण शकुंतलानं खुबी दाखवली. तवा उतरवायचाच नाही. भाकरी दोन्हीकडून भाजली की कोरड्या सुती फडक्याची गुंडाळी करून कडेकडेनं दाबत जायचं. वाफ आत कोंडते, आणि भाकरी तव्यावरच फुगते. निखारा लागत नाही. सातवी भाकरी फुगली तेव्हा मी असा ओरडलो की शेजारचे डोकावले.

दुसऱ्या दिवशी सास्तूरला जाऊन गयाबाईंना हे करून दाखवलं. माझ्या भाकरीकडं बघून त्या म्हणाल्या, "मिस्त्री, हिला भाकरी म्हनायचं व्हय?" पण फडक्याची युक्ती त्यांनी एका हातानं पहिल्या फटक्यात उचलली. मी म्हणालो, "आता एक नेम पाळायचा. लाल टिकली दाबायची आणि तवा जिथल्या तिथं राहू द्यायचा. आतला पंखा वाजत असला तर वाजू द्यायचा, प्लग ओढायचा नाही. तवा गार झाला की काच गार झाली. तोवर तिकडं हात न्यायचा नाही, आणि काच पुसायचं तर नावच काढायचं नाही."

दसऱ्याला दिलीप आला. मलाही जेवायला बोलावलं होतं. आल्या आल्या त्यानं आईचा हात बघितला. गयाबाई म्हणाल्या, "इळ्यानं कापलं." मी रात्रंदिवस याच गोष्टीचा विचार केला होता. खोटं बोललो असतो तर म्हातारी राहिली असती आणि मी सुटलो असतो. पण उद्या काही झालं तर? मी म्हणालो, "दिलीप, विळ्यानं नाही. शेगडीनं भाजलाय, आणि तो माझ्यामुळं भाजलाय." आणि हात ठेवून दाखवल्यापासूनचं सगळं सांगितलं.

गयाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की तिथंच खड्ड्यात गाडून घ्यावंसं वाटलं. दिलीपचा चेहरा लाल. "मामा, विश्वासानं सांगितलं होतं तुम्हाला. संपलं आता. आई, बॅग भर. उद्या सकाळी निघू."

गयाबाई जराही बधल्या नाहीत. "सकाळी निघायचं ते सकाळी बगू. सणाचं जेवल्याबिगर कोन जातंय?" म्हणाल्या आणि परात पुढं ओढली.

आम्ही दोघं दारातून बघत होतो. उजव्या हातानं थापायचं, पट्टी बांधलेल्या हातानं नुसता आधार द्यायचा. हिरवी टिकली. तवा. पाण्याचा हात. फडक्याची गुंडाळी कडेनं फिरली आणि एकेक भाकरी तव्यावरच टरारून वर आली. दहा भाकऱ्या झाल्या, लाल टिकली दाबली, तवा तिथंच. दिलीपला राहवलं नाही, आईला मदत करायला पुढं झाला. "तू हो बाजूला, मी आवरतो," म्हणत सांडशीनं तवा उचलला आणि काचेवर सांडलेलं पीठ पुसायला हात घातला.

गयाबाईंनी पट्टी बांधलेल्या हातानंच त्याचं मनगट पकडलं. "थांब!"

"आई, बंद आहे शेगडी. दिवासुद्धा गेलाय."

"दिवा गेला. ताव हाय अजून. तवा ठिव जाग्यावर."

त्यानं मुकाट तवा ठेवला. गयाबाईंनी मनगट सोडलं नाही. पट्टीखाली दुखत असणारच. त्याच्या तोंडाकडं बघत विचारलं, "तुझ्या पुण्याच्या घरी भाकरी कुठं फुगवत्यात रे?"

माझाच प्रश्न!

दिलीप अडखळला. "आमच्याकडं... पोळ्याला बाई येते, आई. भाकरी होत नाही."

"मंग तिथं मला कुनाची भाकरी खायला नेतो?"

तो खाली बसला, चार भाकऱ्या खाल्ल्या. एवढ्या तो खाईल असं मला वाटलं नव्हतं. मी दीडच खाल्ली. जेवण झाल्यावर तो मोरीवर हात धुवायला गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. पाणी वाहून अर्थिंगच्या खड्ड्याकडं जात होतं, तिकडं बघत. मग हाक मारली, "मामा, उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी किती दिवसांनी घालायचं?"

मी म्हणालो, "घालायला लागत नाही. अंघोळीचं पाणी जातं तेवढं पुरतं. घरात रोज अंघोळ करणारं माणूस राहिलं पाहिजे, बास."

आत गयाबाई दुसऱ्या दिवशीच्या वाटेसाठी त्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधत होत्या. त्यानं तिकडं बघितलं आणि मान डोलावली. सकाळी तो एकटाच गेला.